मांगची ओळ

बाबा हंगामात नाटकाचे प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवणारे, बाकीचं वर्ष धानाचे शेतकरी. दिवाळी आटोपली, गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की वडस्याच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रस्त्याला लागतात, आणि मग होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्र ही झोपायची वस्तू राहत नाही. पडदा दहा-अकराला उघडतो तो कोंबडा आरवेपर्यंत. मी आठवी-नववीत असताना विंगेत बाबांच्या बाजूला बॅटरी धरून बसायची. लाइन गेली तरी वही दिसली पाहिजे म्हणून. एका रात्री मी मोठ्या ऐटीत त्यांना नायकाचं पानभर स्वगत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. बाबा म्हणाले, "आपला डायलॉग पाठ नोको करू माय. त्याच्या मांगचा कर. आपला तं कोनालेबी येते. तो कवा टाकाचा, थे मांगचा सांगते."

तेव्हा ते पटलं नाही. पटलं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शेक्सपिअरच्या मॅकबेथवर वर्गात चाचणी होती. त्यात सरदार मॅकबेथ बायकोच्या भरीनं राजा डंकनचा खून करून स्वतः राजा होतो. मी लिहिलं की खून झाल्यावर लेडी मॅकबेथ रक्ताळलेला हात नवऱ्याला दाखवून म्हणते, "ऑल द परफ्यूम्स ऑफ अरेबिया विल नॉट स्वीटन धिस लिट्ल हॅन्ड." ओळ अक्षरशः बरोबर. सरांनी खाली तांबड्या पेनानं एकच शब्द लिहून पेपर परत दिला : कोणाला? ती ओळ खुनाच्या रात्रीची नाहीच. ती पाचव्या अंकातली, झोपेत चालतानाची. नवरा तिथं नसतो. दोन माणसं असतात, एक वैद्य आणि एक दासी, आणि तीही लपून ऐकत असतात. म्हणजे मी जिला नवऱ्याशी बोलायला लावलं, ती बाई त्या क्षणी जगात एकटी होती. अरबस्तानातली सगळी अत्तरं पाठ करून माझ्या हाती भोपळा आला.

आता दर रविवारी सकाळी आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बी.ए.ची नऊ-दहा पोरं-पोरी सायकलीनं येतात. यंदा मॅकबेथ घेतलंय. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते. नाटक दुसरं असलं तरी पद्धत चालेल.

वही

दोनशे पानी वही घ्या. एका अवतरणाला एक पान. पानाच्या मधात ती ओळ. वर तिच्या मांगची ओळ, म्हणजे तिच्या लगेच आधी कोण काय बोललं किंवा काय झालं. खाली म्होरचं : ओळ संपताच कोण आलं, कोण गेलं, काय वाजलं, कोणी विषय बदलला. बस. अर्थ, संदर्भ, 'सदर ओळी प्रस्तुत नाटकातून घेतल्या आहेत' वगैरे काही लिहायचं नाही. समासात एक जागा रिकामी ठेवा, तिथं संज्ञा येईल. ती पेन्सिलीनं लिहायची, कारण दोन-तीनदा खोडावी लागणार.

ही काही आमच्या घरची जादू नाही, हे मला एम.ए.ला कळलं. शेक्सपिअरच्या काळात नटाला अख्खं नाटक देतच नसत. प्रत्येकाला फक्त त्याची वाक्यं लिहिलेली कागदाची गुंडाळी मिळायची, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द. त्या शब्दांवर कान ठेवायचा आणि ते पडले की आपलं बोलायचं. भूमिकेला आपण 'रोल' म्हणतो तो शब्द त्या गुंडाळीवरूनच आला. आणखी एक. मॅकबेथ लिहिलं गेलं १६०६ च्या सुमारास, पण छापलं गेलं १६२३ मध्ये, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. ती छपाई नाटकमंडळीच्या प्रॉम्प्टरच्या प्रतीवरून झाली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "मंग! वही त्याच्याचपाशी राहते ना."

ओळ कोणती घ्यायची

पंधरा ते वीस पुरे. गाईडात पानंच्या पानं भरून असतात. ती वाचायची गरज नाही. माझी कसोटी अशी : ही ओळ काढून टाकली तर पुढं कुठंतरी नाटक लंगडेल का? लंगडत असेल तर घ्या. 'डबल, डबल टॉइल अ‍ॅन्ड ट्रबल' सगळ्यांना येतं, म्हणायलाही मजा येते, पण त्याच्यावर उत्तर उभं राहत नाही. सोडा.

निवडलेली ओळ आधी आपल्या बोलीत म्हणा. डिक्शनरी नंतर. पहिल्या प्रवेशात चेटकिणी म्हणतात, "फेअर इज फाऊल, अ‍ॅन्ड फाऊल इज फेअर." माझ्याकडची एक मुलगी पटकन म्हणाली, "साजरं थे बेकार, बेकार थे साजरं." यापेक्षा चांगलं भाषांतर मी वाचलेलं नाही. दहावीत अलंकार शिकलो होतो ते इथं कामी येतात. वरवर विरोध आणि आत अर्थ, हा विरोधाभास. फेअर, फाऊल, फॉग, फिल्दी, हा 'फ'चा अनुप्रास. पण अनुप्रास आहे एवढं लिहून कोणी गुण देत नाही. तो 'फ' काय करतो ते सांगा. ओठ आणि दातांमधून नुसती हवा जाते, धुक्यात फुंकर मारल्यासारखी. म्हणून पाहा.

आता वही उघडा. मॅकबेथ रंगमंचावर पहिल्यांदा येतो तो तिसऱ्या प्रवेशात, आणि त्याचं पहिलंच वाक्य आहे, "सो फाऊल अ‍ॅन्ड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन." इतका बेकार आणि इतका साजरा दिवस मी पाहिला नाही. त्यानं चेटकिणींचं बोलणं ऐकलेलं नाही, तो तेव्हा लढाईत होता. मग त्यांचे शब्द त्याच्या तोंडात आले कुठून? इथपर्यंत गाईडातही असतं. मांगची ओळ मात्र नसते. त्याच्या लगेच आधी चेटकिणी काय म्हणतात पाहा : "पीस! द चार्म्स वाउन्ड अप." चूप, मंत्र बसला. आणि मॅकबेथ येऊन त्यांचेच शब्द बोलतो. मंत्र बसला की नाही याची पावती पुढच्याच श्वासाला मिळाली. समासात कोणी 'पूर्वसूचन' लिहील, कोणी 'प्रतिध्वनी'. दोन्ही चालेल. महत्त्वाचं ते की आता तुमच्याकडे लिहायला गोष्ट आहे.

म्होरचं सगळ्यात जास्त शिकवते ती जागा

पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश. राजा डंकन विचारतो, गद्दार कॉडरला फाशी दिली का? मुलगा सांगतो, दिली, आणि मरताना तो शोभेल असा मेला. त्यावर राजा म्हणतो, "देअर्स नो आर्ट टू फाइंड द माइंड्स कन्स्ट्रक्शन इन द फेस." चेहऱ्यावरून मन वाचायची विद्या नाही. त्या माणसावर माझा पूर्ण भरवसा होता.

पोरं इथं थांबतात आणि 'थीम : दिसणं आणि असणं' लिहून मोकळी होतात. मी म्हणते, खालची ओळ भरा. खाली काय आहे? मॅकबेथचा प्रवेश. राजा वाक्य संपवतो न संपवतो तोच मॅकबेथ आत येतो, आणि राजा त्याला मिठीच मारतो जणू : "ओ वर्दिएस्ट कझिन!" गेल्याच प्रवेशात कॉडरची जहागीर मॅकबेथला मिळालेली आहे. म्हणजे एक कॉडर गेला, दुसरा आला, आणि 'चेहरा वाचता येत नाही' असं आत्ताच म्हणालेला म्हातारा नव्या कॉडरचा चेहरा पाहून खूश.

हाच नाट्यात्म उपरोध. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्राला नाही. व्याख्या एवढीच, आणि आमच्याकडच्या कोणालाही ती शिकवावी लागत नाही. मंडईतल्या नाटकात भोळा भाऊ खलनायकाच्या घरी जेवायला निघाला की मागच्या रांगेतून बाया ओरडतात, "नोको जाऊ गा!" ते ओरडणं म्हणजे नाट्यात्म उपरोध कळल्याची खूण. पुढे सहाव्या प्रवेशात डंकन मॅकबेथच्या किल्ल्याजवळ येऊन म्हणतो, इथली हवा किती छान आहे. तिथं मनातल्या मनात ओरडून पाहा.

एक सावधगिरी. नुसता योगायोग म्हणजे उपरोध नव्हे, आणि कोणी टोमणा मारला म्हणजेही नव्हे. पात्राच्या पाठीमागे प्रेक्षकाला काही दिसत असलं पाहिजे.

ड्रेसवाल्याचा झगा

एकच प्रतिमा नाटकभर फिरून फिरून येते तेव्हा तिला इंग्रजीत 'मोटिफ' म्हणतात. आपण आवर्ती प्रतिमा म्हणू. मॅकबेथमध्ये रक्त आहे, झोप आहे, दूध आहे, पक्षी आहेत. मी कपड्यापासून सुरू करते, कारण तो आम्हाला अंगावर माहीत आहे.

गावातली मंडळी नाटक बसवतात तेव्हा राजाचा पोशाख भाड्यानं येतो. तो कोणाच्या मापाचा नसतो. आमच्याकडे एकदा राजा झाला होता तो सडपातळ शिंपी, आणि झगा आला पैलवानाचा. पाठीमागून बाबांनी आठ सेफ्टी पिना लावल्या. प्रेक्षकांकडे तोंड आहे तोवर राजा; वळला की पिना. तो बिचारा तीन अंक वळलाच नाही.

आता वहीत एकाखाली एक चार ओळी घ्या. अंक १, प्रवेश ३ : कॉडर म्हणून हाक मारल्यावर मॅकबेथ विचारतो, "व्हाय डू यू ड्रेस मी इन बॉरोड रोब्ज?" उसन्या कपड्यात मला का सजवता? त्याच प्रवेशात त्याचा सोबती सरदार बॅन्को म्हणतो, नवा मान नव्या कपड्यासारखा असतो, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही. अंक २, प्रवेश ४ : मॅकबेथच्या राज्याभिषेकाची बातमी सांगताना सरदार मॅकडफ म्हणतो, जुना झगाच नव्यापेक्षा बरा होता असं व्हायला नको. अंक ५, प्रवेश २ : मॅकबेथवर उलटलेला सरदार अ‍ॅन्गस म्हणतो, त्याची पदवी आता त्याच्या अंगावर लोंबतेय, "लाइक अ जायंट्स रोब अपॉन अ ड्वॉर्फिश थीफ." बुटक्या चोराच्या अंगावर राक्षसाचा झगा.

चार माणसं, चार जागा, एकच झगा. पहिल्यांदा तो उसना आहे हे मॅकबेथ स्वतः कबूल करतो. शेवटी अ‍ॅन्गस म्हणतो तेव्हा तो चोरीचा झालेला असतो. उसना ते चोरीचा, एवढा प्रवास दाखवला की उत्तराचा परिच्छेद तयार. संज्ञांमध्ये फरक करा : अ‍ॅन्गसच्या ओळीत 'लाइक' आहे, ती उपमा, मॅकबेथच्या ओळीत 'सारखं' म्हणायलाही जागा नाही, झगा म्हणजेच पदवी, ते रूपक. माझ्याकडच्या एका पोरानं 'उत्प्रेक्षा' लिहिलं होतं. त्याच्याशी अर्धा तास भांडले. पेन्सिल यासाठीच.

रक्त आणि पाणी : ओळींची जोडी लावणं

काही ओळी एकट्या अर्ध्या असतात. त्यांची जोडी शोधावी लागते.

अंक २, प्रवेश २. खून झालाय. लेडी मॅकबेथ खंजीर परत ठेवायला आत गेली आहे. मॅकबेथ एकटा. मांगची ओळ म्हणजे दार ठोठावल्याचा आवाज. तो स्वतःच्या हातांकडे बघतो : "विल ऑल ग्रेट नेप्च्यून्स ओशन वॉश धिस ब्लड क्लीन फ्रॉम माय हॅन्ड?" समुद्रदेवाचा सगळा सागर हे रक्त धुईल का? नाही, हा हातच सगळे समुद्र लाल करून टाकील. अतिशयोक्ती, हे कोणीही ओळखेल. तिच्यात थोडं आणखी खाली जा. "द मल्टिट्यूडिनस सीज इन्कार्नाडाइन", इतके जड, लॅटिन वळणाचे शब्द, आणि लगेच "मेकिंग द ग्रीन वन रेड". हिरव्याचा लाल. साधे, बहुतेक एकेका अक्षराचे शब्द. तेच वाक्य दुसऱ्यांदा, सोप्या भाषेत. आमच्याकडचे जुने नटही असं करतात : पुस्तकी वाक्य दणक्यात टाकायचं आणि मग तेच बोलीत, खालच्या आवाजात. पहिल्यावर टाळी येते, दुसऱ्यावर शांतता पसरते.

म्होरचं भरा. लेडी मॅकबेथ परत येते, तिचेही हात आता लाल. ती म्हणते, "अ लिट्ल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड." थोडं पाणी घेतलं की झालं. त्याला समुद्र पुरत नाही, तिला लोटाभर पुरतो.

आणि मग पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश, जिथं मी माती खाल्ली होती. ती झोपेत हात चोळते आहे. दासी वैद्याला सांगते, पाव पाव तास असंच चालतं. "आउट, डॅम्ड स्पॉट!" मग तो अत्तराचा उद्गार. दुसऱ्या अंकातलं 'थोडं पाणी' वहीत समोर असेल तर ही ओळ पाठ करावी लागत नाही. ती तिथूनच चालत आलेली दिसते. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याला म्हणाली होती, "व्हॉट्स डन इज डन", झालं ते झालं. झोपेत म्हणते, "व्हॉट्स डन कॅनॉट बी अनडन", झालं ते न झालं करता येत नाही. एक 'अन' वाढला आणि बाई कोसळली.

इथं छंदाचंही पाहून घ्या, थोडक्यात. मोठी पात्रं बहुतेक दहा अक्षरांच्या ओळीत बोलतात, हलकं-जड, हलकं-जड, पाचदा. चेटकिणींच्या ओळी आखूड आणि उलट्या, जड-हलकं. बांधावर पाय आपटत म्हणून पाहिलं की फरक आपोआप कळतो. रोवण्याच्या वेळी आमच्या पोरींनी चिखलात उभ्या राहून हे केलेलं आहे. आणि झोपेतली लेडी मॅकबेथ गद्यात बोलते. राणीचा छंदच सुटला. हे एक वाक्य उत्तरात लिहा, तपासणारा थांबतो.

दारवाला

खुनानंतर लगेच दारुडा दारवाला येतो. दार वाजतंय आणि हा नरकाचा पहारेकरी असल्याचं सोंग करत बडबडतो. पोरांना वाटतं हा भाग सोडावा. झाडीपट्टीत वाढलेल्यांनी तरी असं म्हणू नये. आमच्या नाटकात रडारडीच्या प्रवेशानंतर कॉमेडियन येतोच, नाही आला तर लोक पैसे परत मागतील. संज्ञा : विनोदी विसावा. पण नुसता विसावा नाही. तो ज्या दाराशी विनोद करतो त्याच्या आत राजाचं प्रेत आहे, आणि 'हे नरकाचं दार' म्हणताना तो नकळत खरं बोलतोय. पुन्हा नाट्यात्म उपरोध.

त्याच्या बडबडीत 'इक्विव्होकेटर' हा शब्द येतो. दोन्ही पारड्यांत शपथ घेणारा, दुटप्पी बोलणारा. लंडनमध्ये १६०५ साली राजा जेम्ससकट संसद उडवायचा कट पकडला गेला होता आणि पुढच्या वर्षीच्या खटल्यात असं दुटप्पी बोलणं गाजलं होतं, म्हणून तेव्हाच्या प्रेक्षकाला तो शब्द लगेच टोचला असणार. आपल्याला त्यासाठी लंडनला जायला नको. 'नरो वा कुंजरो वा.' खोटं न बोलता फसवणं. चेटकिणींचे पुढचे दोन्ही वायदे असेच आहेत : बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारणार नाही, आणि बर्नामचं जंगल चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस. याला श्लेष म्हणू नका. श्लेषात एका शब्दाचे दोन अर्थ असतात आणि ऐकणाऱ्याला मजा येते. इथं ऐकणाऱ्याचा जीव जातो.

परीक्षेच्या जड संज्ञा

अ‍ॅरिस्टॉटलच्या चार संज्ञांना घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येकीला एका ओळीवर बसवा. ओळ सापडत नसेल तर ती संज्ञा तुम्हाला कळली नाही.

हॅमार्शिया. गाईडात 'नायकाचा दुर्गुण' असं असतं. मूळ ग्रीक शब्द नेम चुकण्याचा आहे. म्हणून 'महत्त्वाकांक्षा' असा एक शब्द लिहून थांबू नका. नेम कुठं चुकला ती जागा दाखवा. अंक १, प्रवेश ७ मध्ये मॅकबेथ बायकोला साफ सांगतो, "वी विल प्रोसीड नो फर्दर इन धिस बिझनेस", हे आपण करायचं नाही. त्याच प्रवेशाच्या शेवटी तो तयार झालेला असतो. या दोन टोकांमध्ये ती काय काय म्हणते ते वाचा. आणि त्याआधी त्याचं स्वगत चाललेलं असतं, मला टाच मारायला दुसरं काही नाही, उड्या मारणारी महत्त्वाकांक्षा तेवढी आहे, जी फार उंच उडते आणि पलीकडं पडते. ते वाक्य पुरतं होण्याआधी म्होरं काय होतं? बायको आत येते. टाच आली.

पेरिपेटिया म्हणजे पारडं फिरणं : चेटकिणींनी बॅन्कोच्या वंशाला राज्य सांगितलेलं, म्हणून मॅकबेथ मारेकरी पाठवतो; बॅन्को मरतो पण त्याचा पोरगा निसटतो, अंक ३, प्रवेश ३. अ‍ॅनॅग्नोरिसिस म्हणजे उमगणं : शेवटी मॅकडफ आपला जन्म सांगतो, आईचं पोट चिरून काढल्याचा, तेव्हा मॅकबेथ म्हणतो, या दुहेरी अर्थानं खेळवणाऱ्या भुतांवर कोणी भरवसा ठेवू नये. कॅथार्सिस, म्हणजे विरेचन, मनातली भीती आणि करुणा निचरून जाणं, ही ओळीवर बसत नाही. ती प्रेक्षकात होते. आमच्याकडे संस्कृत नाटककार भवभूतीचं नाव निघतं, त्याचं पद्मपूर विदर्भातलं, आणि आमगावजवळचं पद्मपूर तेच असं मानतात. 'एको रसः करुण एव' म्हणणारा तो. पण करुण रस आणि विरेचन एकच आहे असं उत्तरात लिहू नका. दोन वेगळ्या घरच्या गोष्टी आहेत.

तशीच एक चूक 'जनांतिक' या शब्दाची. इंग्रजी 'असाइड'ला सरसकट जनांतिक म्हणतात. आपल्या नाट्यशास्त्रात जनांतिक म्हणजे तिसऱ्याला ऐकू जाऊ नये असं दुसऱ्याशी बोलणं. मॅकबेथ लोकांत उभा राहून स्वतःशीच बोलतो, ते आपल्या हिशेबानं आत्मगत. मंचावर एकटा असताना बोलतो ते इंग्रजीतलं 'सॉलिलॉक्वी'. मराठीत आपण दोन्हीला स्वगत म्हणून मोकळे होतो. कोण ऐकतंय हे आधी मोजा, नाव मग ठेवा.

सगळ्यात जास्त वाया जाणारी ओळ

"इट इज अ टेल टोल्ड बाय अ‍ॅन इडियट, फुल ऑफ साउंड अ‍ॅन्ड फ्युरी, सिग्निफाइंग नथिंग." निबंधात, निरोप समारंभात, फळ्यावर, कुठंही. 'शेक्सपिअर म्हणतो की जीवन निरर्थक आहे.' शेक्सपिअर म्हणत नाही. मॅकबेथ म्हणतो. मांगची ओळ पाहा : आतून बायांच्या रडण्याचा आवाज, आणि मॅकबेथचा सेवक सेटन याचे सहा शब्द, "द क्वीन, माय लॉर्ड, इज डेड." बायको मेल्याची बातमी ऐकून तो आधी म्हणतो, नंतर कधी मरती तर अशा शब्दाला वेळ असता. मग "टुमॉरो, अ‍ॅन्ड टुमॉरो, अ‍ॅन्ड टुमॉरो". उद्या, आणि उद्या, आणि उद्या. रडायलाही ज्याच्यापाशी आज नाही असा माणूस बोलतोय.

त्यातच आयुष्य म्हणजे घटकाभर मंचावर मिरवणारा आणि मग कधीच ऐकू न येणारा नट, असं येतं. हे म्हणणारा स्वतः नटच आहे, हे विसरू नका. पहाटे चारला टेम्पोत पेटारे चढवणाऱ्या नटांना मी पाहिलंय, अर्धा रंग पुसलेला, अर्धा तोंडावर. म्हणून ती ओळ मला कधी नुसती रूपक वाटली नाही. असो. म्होरचं भरा : निरोप्या येतो. बर्नामचं जंगल चालताना दिसलंय. म्हणजे 'कशालाच अर्थ नाही' म्हणून होतं न होतं तोच चेटकिणींच्या बोलण्याला अर्थ असल्याचं कळतं.

उत्तरात किती लिहायचं

तीन ते सहा शब्द. पूर्ण आठ ओळी उतरवून काढल्या तर पान भरतं, गुण येत नाहीत. तुकडा आपल्या वाक्यात विणा : दुसऱ्या अंकात जिला 'अ लिट्ल वॉटर' पुरेसं वाटलं, तिला पाचव्या अंकात अरबस्तानातली अत्तरंही पुरत नाहीत. शब्द मात्र नेमके हवेत. मॅकबेथ शेवटी 'ले ऑन, मॅकडफ' म्हणतो, 'लीड ऑन' नव्हे. आठवत नसेल तर अवतरणचिन्ह न घालता आपल्या शब्दांत सांगा. खोटं अवतरण लिहिण्यापेक्षा ते बरं.

पाठांतर दोघांनी करा. एकानं फक्त वरची ओळ म्हणायची, दुसऱ्यानं मधली ओळ आणि खालचं सांगायचं. आमच्या सपरीत चुकणाऱ्यानं चहाची कपबशी विसळायची असते. ज्यांना मराठीचा पेपर आहे त्यांनी हीच वही गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'साठी करावी. गडकरी १९१९ मध्ये आमच्याच विदर्भात, सावनेरला गेले. त्यातला पहिला प्याला कोण पुढं करतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्याआधी सुधाकर कोर्टातून काय ऐकून आलाय, ते वर लिहा.

एक पान मी मुद्दाम कोणाला भरून देत नाही. अंक ४, प्रवेश ३. मॅकडफला कळतं की त्याची बायको आणि सगळी लेकरं मॅकबेथनं मारली. मंचावर तिघंच आहेत : मॅकडफ, तरुण राजपुत्र माल्कम आणि बातमी आणणारा रॉस. माल्कम म्हणतो, धीर धर, या दुःखावर सूडाचं औषध करू. आणि मॅकडफ म्हणतो, "ही हॅज नो चिल्ड्रन." त्याला लेकरं नाहीत. त्याला म्हणजे कोणाला? मॅकबेथला, ज्याच्यावर सूड घ्यायचा तर मारायला लेकरूच नाही? की माल्कमला, ज्याला बाप होणं माहीत नाही म्हणून औषधाची भाषा सुचते? अभ्यासकांत यावर एकमत नाही. आमच्या सपरीत पोरं दोन बाजूंना बसून भांडली. बाबा खाटेवर पडून ऐकत होते. इंग्रजी त्यांना येत नाही, गोष्ट मी सांगितलेली. शेवटी न राहवून उठून बसले.

"थे लिवलं नसन," ते म्हणाले. "आमालेबी वहीत दिसत नोयतं. तो डायलॉग टाकताना पाह्यते कोनाकडं, थे पाहा."